हरणासाठी घास पेरला, उगवलं गाजर गवत

(एपिसोडचं लिखित रूप. बोलणं जसंच्या तसं ठेवलंय, फक्त अडखळणं आणि मधला पावसाचा आवाज काढलाय.)

मी आखाडा बाळापूरहून बोलतोय. तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. बाहेरच्यांसाठी सांगतो, हिंगोलीहून नांदेडला निघालात की रस्त्यात आमचं गाव लागतं. हळद, सोयाबीन, कापूस, आणि गेली काही वर्षं रोही, रानडुकरं, हरणं. हे सगळं आमच्या शिवारात एकाच वेळी पिकतं.

आजचा एपिसोड माझ्या एका फसलेल्या उद्योगावर आहे. हसायचं असेल तर हसा, पण शेवटपर्यंत ऐका. कारण तुमच्यापैकी तीन-चार जणांनी मला व्हॉट्सॲपवर तोच व्हिडिओ पाठवलाय, ज्यानं माझं डोकं फिरवलं होतं.

तो व्हिडिओ

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मृगाचा पाऊस चांगला झाला, सोयाबीन उगवून आलं. दोन पानांवर असताना एका सकाळी बघतो तर गायरानाकडच्या आठ-दहा ओळी साफ. शेंडेच नाहीत. ओल्या मातीत खुरांचे ठसे. आण्णा म्हणजे माझे वडील, ते काहीच बोलले नाहीत. बांधावर बसून राहिले. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं उधारीवर होतं.

त्याच रात्री मला यूट्यूबवर एक अमेरिकन माणूस दिसला. जंगलाच्या कडेला त्यानं हिरवंगार कुरण केलं होतं आणि त्यात हरणं निवांत चरत होती. तिकडे याला ‘फूड प्लॉट’ म्हणतात. मला वाटलं, झालं काम! आपण पण वीस गुंठे हरणांसाठी सोडू. तिथं त्यांना सोयाबीनपेक्षा गोड काहीतरी पेरू. पोट भरलं की ती आपल्या पिकाकडं येणार नाहीत.

दोन गोष्टी मी तेव्हा नीट ऐकल्या नव्हत्या. पहिली, तिकडे असे प्लॉट बहुतेक वेळा शिकारी लोक करतात. हरीण एका ठरलेल्या जागी यावं आणि टप्प्यात मिळावं म्हणून. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. काळवीट तर त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात. त्यामुळं त्यांचा हेतू आणि आपला हेतू मुळातच वेगळा.

दुसरी गोष्ट, त्या वीस मिनिटांच्या व्हिडिओतली पहिली बारा मिनिटं फक्त तणावर होती. मी ती पुढं ढकलून थेट पेरणीवर गेलो.

वीस गुंठ्यांचं काय झालं

गायरानाला लागून आमचा एक पडीक तुकडा आहे. एकदा रोटाव्हेटर फिरवला आणि दुसऱ्या दिवशी लसूणघास फेकून दिला. जूनमध्ये! ज्यांना शेती कळते ते आत्ताच हसले असतील. घास पेरायचा असतो थंडीच्या तोंडावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्याचं रोप सुरुवातीला फार हळू वाढतं. पावसाळ्यातलं तण त्याच्या कितीतरी पट वेगानं वर येतं.

आठ दिवसांत हिरवं दिसायला लागलं. मी फोटो काढून स्टेटसला टाकला, ‘हरणांचं हॉटेल लवकरच सुरू’. तीन आठवड्यांनी कळलं की त्या हिरव्यात घास शोधावा लागतोय. बाकी सगळा तरोटा आणि गाजर गवत. ऑगस्टमध्ये ते कमरेला लागलं. माय म्हणाली, “लेका, हरणाला जेवायला बोलवलंस आन् ताटात काँग्रेस वाढलंस.”

आणि हरणं? ती त्या तुकड्याला वळसा घालून सरळ सोयाबीनमध्ये जायची. असं का, ते मला नंतर कळलं. काळवीट मोकळ्या माळावरचा प्राणी. त्याचा जीव त्याच्या डोळ्यांवर आणि पायांवर. लांबून धोका दिसला पाहिजे आणि पळायला वाट पाहिजे. कमरेएवढ्या दाट तणात त्याला ना दिसतं, ना पळता येतं. म्हणजे माझं तण त्यांच्या खाण्याचं नव्हतंच, वरून त्यांना भीती घालणारं होतं.

खरं नुकसान पुढं झालं. गाजर गवत फुललं, बी झडलं, आणि शेजारच्या काकांच्या हळदीत गेलं. हळदीतली खुरपणी म्हणजे काय, ते हळद करणाऱ्यालाच विचारा. पुढच्या हंगामात काकांना बायका लावून जास्तीच्या खुरपण्या कराव्या लागल्या. ते भांडले नाहीत. फक्त आमच्याशी बोलणं बंद केलं. बांधाला बांध असताना अबोला फार जड जातो, मंडळी.

तण म्हणजे नेमकं काय? आणि कुणाचं?

इथून पुढं जरा अभ्यासाचं बोलू. कृषीच्या पुस्तकात साधी व्याख्या असते: नको त्या ठिकाणी उगवलेली, नको असलेली वनस्पती म्हणजे तण. यात ‘नको’ कुणाला, हा खरा प्रश्न आहे.

हरळी घ्या. शेतकऱ्याचा जन्माचा वैरी. पण काळवीटासाठी ते ताटातलं अन्न आहे. तरोट्याचं उलटं. पहिल्या पावसात आपण त्याची कोवळी पानं आणून भाजी करतो. पण झाड मोठं झालं की गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि ते खाली गवताला ऊन मिळू देत नाही. म्हणून हरणांसाठी रान करायचं असेल तर आपल्या शेतातली तणाची यादी जशीच्या तशी तिथं चालत नाही. नवीन यादी करावी लागते.

आपल्या भागापुरती ती अशी:

गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस. मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात १९५५ च्या सुमारास ते पहिल्यांदा लक्षात आलं तेही आपल्या पुण्यात. एका झाडाला हजारोंनी बी येतं. माणसाला अंगाला खाज, दम्याचा त्रास. जनावर खात नाही.

रानतुळस. हीसुद्धा बाहेरून आलेली. उग्र वासामुळं चरणारं जनावर तिला टाळतं. विदर्भातल्या जंगलात मोकळ्या जागा तिनं भरून टाकल्या आहेत.

तरोटा. पडीक रानात एकदा घुसला की गालिच्यासारखा पसरतो.

घाणेरी. काटेरी झुडूप. पक्षी तिची फळं खातात आणि बी सगळीकडं नेतात.

कुंदा आणि लव्हाळा. काळ्या रानातले जुने पाहुणे. यांचा जीव वरच्या पानात नाही, जमिनीखालच्या मुळ्यांत आणि गाठींत आहे. रोटाव्हेटरनं तुकडे केले की प्रत्येक तुकड्याला नवा फुटवा. म्हणजे आपणच लागवड करतो!

मग हे काम जमतं कुणाला?

मी शोधत गेलो तेव्हा कळलं की हरणांसाठी चारा तयार करणं हे आपल्या महाराष्ट्रात चालू आहे. फक्त शेतात नाही, जंगलात. वनविभाग त्याला ‘कुरण विकास’ म्हणतो.

मेळघाट घ्या. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला हा एक. तिथल्या गाभ्यातली बोरी, कोहा, कुंड ही गावं २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत बाहेर पुनर्वसित झाली. ताडोब्यात बोटेझरी, नवेगाव, जामणी. गाव उठलं की मागं शेतं उरतात. आपल्याला वाटतं, माणूस गेला की आपोआप छान गवत येईल. तसं होत नाही. वर्षानुवर्षं नांगरलेल्या जमिनीत चांगल्या गवताचं बीच उरलेलं नसतं. आधी येतं ते तरोटा, रानतुळस, गाजर गवत. अगदी माझ्या वीस गुंठ्यांसारखं.

तिथं हे महत्त्वाचं का? तर वाघाला वर्षाला साधारण पन्नास हरणांएवढं भक्ष्य लागतं असा अंदाज आहे. चितळ, सांबर जंगलात पोटभर चरले तर तिथं राहतील. नाहीतर शेताकडं येतील, आणि त्यांच्या मागं वाघ-बिबट्यापण येईल. म्हणजे कुरणातलं तण हा शेवटी गावाच्या सुरक्षेचा प्रश्न होतो.

या कामात एक नाव सारखं समोर येतं, अमरावती जिल्ह्यातले गवताचे अभ्यासक प्रा. डॉ. गजानन मुरतकर. मेळघाटसारख्या व्याघ्र प्रकल्पांतल्या कुरणांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. गवत म्हटलं की आपल्याला सगळं सारखंच दिसतं. पण पवन्या, मारवेल, डोंगरी ही जनावरं आवडीनं खातात ती गवतं. कुसळी कोवळी असताना चालते, कुसळं आली की तोंडाला टोचते. हे ओळखता आल्याशिवाय काय काढायचं आणि काय ठेवायचं ते ठरत नाही.

आणखी एक ठिकाण, आपल्या माळरानाच्या जास्त जवळचं. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य, १९८० मध्ये खास काळवीटांसाठी केलेलं. क्षेत्र फक्त २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत गवत मोकळं राहणं म्हणजे काळवीट राहणं.

आता पद्धत, पायरीपायरीनं

हे नीट ऐका. गुरांसाठी चाऱ्याचा तुकडा करायचा असेल तरी हेच लागू आहे.

एक. आदल्या वर्षीच रान बघा. सप्टेंबरात फिरा, मोबाइलमध्ये फोटो काढा. कुठं काय आहे, कुठलं तण वर्षायू आणि कुठलं मुळ्यांवर जगणारं, हे लिहून ठेवा. पेरायच्या दिवशी रान कोरं दिसतं, पण बी जमिनीत झोपलेलं असतं.

दोन. नांगर विचार करून. कुंदा, लव्हाळा असेल तर उन्हाळ्यात खोल नांगरट करून मुळ्या वर आणा, एप्रिल-मेच्या उन्हात वाळू द्या, वेचून बाहेर काढा. पण गाजर गवत, तरोट्यासारखं बियांवर येणारं तण असेल तर खोल नांगरू नका. खाली गाडलं गेलेलं जुनं बी तुम्ही परत उजेडात आणता.

तीन. तणाला आधी उगवू द्या. मी नेमकं हेच केलं नाही. पहिला पाऊस झाला की पेरायची घाई करू नका. दहा-पंधरा दिवस थांबा. तण हिरवं होऊ द्या. मग वाफसा आला की वखराची उथळ पाळी द्या, दोन बोटांपेक्षा खोल नाही. जमलं तर परत एकदा. जमिनीच्या वरच्या थरातलं बरंच बी असं फुकटात संपतं. सोयाबीनला ही वाट बघणं परवडत नाही. पण कुरणाला परवडतं, तिथं आपल्याला उतारा काढायचा नाही.

चार. उथळ आणि ओळीत. गवताचं बी बारीक आणि हलकं असतं. खोल गेलं की उगवत नाही आणि वाऱ्यावर उडतं. भुसभुशीत माती किंवा चाळलेल्या शेणखतात मिसळून ओळीत टाका, वरून अगदी पातळ माती. मारवेलचे मुळासकट ठोंब मिळाले तर आणखी चांगलं. ओळ असली की ओळीबाहेरचं सगळं तण, हे ओळखायला सोपं. मधून कोळपं किंवा डवरा फिरतो. फेकून पेरलं की खुरपणाऱ्या बाईलाही कळत नाही काय ठेवायचं.

पाच. फुलायच्या आधी उपटा. गाजर गवत, रानतुळस, तरोटा, तिन्हींचा नियम एकच: फूल यायच्या आत, जमीन ओली असताना, मुळासकट. नुसतं कापलं की खालून फुटतं. हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा. फुलाआधी उपटलेल्याचं कंपोस्ट होतं. फुलावर आलेलं मात्र खड्ड्यात टाकू नका, नाहीतर पुढच्या वर्षी खतातूनच शेतात जाईल.

सहा. पहिल्या वर्षी चराई नाही. गवताला मूळ धरू द्या, बी पडू द्या. मग कापून घ्या. पहिल्याच पावसाळ्यात गुरं सोडली की ती चांगलं गवत निवडून खातात आणि वाईट तण सोडतात. म्हणजे तणाची राखण गुरंच करतात!

सात. तीन वर्षं धरून चाला. एका वर्षात उपटून जमिनीतला बियांचा साठा संपत नाही. दुसऱ्या वर्षी कमी येतं, तिसऱ्या वर्षी गवतच तणाला दाबायला लागतं. जो दुसऱ्या वर्षी कंटाळतो तो पहिल्या वर्षीचा पैसा पाण्यात घालतो.

आणि एक बारीक गोष्ट. तणाचं बी चालत येत नाही, आपण आणतो. अर्धकच्च्या शेणखतातून, रोटाव्हेटरच्या पात्यांना चिकटून, मळणी यंत्रातून. दुसऱ्याच्या शेतातून आलेलं यंत्र आधी झाडून घ्या.

तुमचा प्रश्न: फवारलं तर?

एका दोस्तानं व्हॉइस नोट पाठवली होती, “भाऊ, एवढी खुरपत कशाला बसायची? एक पंप मारला की झालं.”

ऐक मित्रा. गवताच्या पेऱ्यात पंपाचा घोळ असा आहे. टू-फोर-डी रुंद पानांचं तण मारतं, गवत सोडतं. ऐकायला बरं वाटतं. पण गवताबरोबर तू रानमूग, स्टायलो असं द्विदल पेरलं असशील तर तेही गेलं. आणि वाऱ्यानं त्याचे तुषार शेजारच्या कपाशीवर गेले तर पानं आवळून येतात. मग तू आणि शेजारी दोघंही पोलीस स्टेशनात. ग्लायफोसेट तर हिरवं असेल ते सगळंच मारतं, आणि त्याच्या वापरावर केंद्र सरकारनं २०२२ मध्ये निर्बंध घातलेत.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. सोयाबीनमध्ये आपण इमॅझेथापायर मारतो. त्याचा अंश जमिनीत राहतो. त्याच रानात लगेच ज्वारी किंवा गवतवर्गातलं काही पेरलं तर ते पिवळं पडतं, खुरटतं. मग आपण म्हणतो बियाणं बोगस होतं.

गाजर गवतावर एक जिवंत औषध आहे, झायगोग्रामा नावाचा मेक्सिकन भुंगा. १९८४ मध्ये तो भारतात सोडला गेला. पावसाळ्यात तो गाजर गवताची पानं खाऊन झाड खिळखिळं करतो. एकटा पुरत नाही, पण मदत करतो. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आपल्याला जवळ आहे आणि कृषी विज्ञान केंद्र तर आपल्याच तालुक्यात, तोंडापूरला. तिथं जाऊन विचारा. विचारायला पैसे लागत नाहीत, हे मी उशिरा शिकलो.

मग हरणांसाठी पेरायचं की नाही?

आता खरं उत्तर. स्वतःच्या शेतात, पिकाच्या शेजारी, नका पेरू.

समजा माझे वीस गुंठे अगदी छान झाले असते. बिनतणाचे, गोड, हिरवेगार. तर काय झालं असतं? पाच हरणांच्या जागी पंचवीस आली असती. वीस गुंठे आठ दिवसांत संपले असते. आणि नवव्या दिवशी ती पंचवीस हरणं माझ्या, काकांच्या, सगळ्यांच्या सोयाबीनमध्ये असती. वर आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी आणि जवळून जाणारा हायवे. बोलावलेला पाहुणा रस्त्यावर मेला तर ते पाप कुणाचं?

चारा तिथं हवा जिथं हरणांना राहू द्यायचंय. जंगलात, वनविभागाच्या जमिनीवर, आणि गावाचं मोठं गायरान असेल तर पिकापासून लांबच्या टोकाला. तेसुद्धा एकट्यानं नाही. गायरान सरकारी जमीन असते. ग्रामपंचायत, महसूल आणि वनविभाग यांना विचारल्याशिवाय कुदळ मारू नका. पण गाजर गवत उपटायला कुणी अडवत नाही. गायरानातून तरोटा, गाजर गवत निघालं की गवत वर येतं, गुरांना मिळतं, आणि हरणांना पिकात येण्याचं एक कारण कमी होतं. सगळीच कारणं जात नाहीत. कोवळं सोयाबीन शेवटी कोवळं सोयाबीन आहे. त्यामुळं नुकसान झालं तर लगेच फोटो काढा, सातबारा जोडून वनविभागाकडं अर्ज करा, पंचनामा करून घ्या. उशीर झाला की पुरावा पुन्हा उगवून येतो आणि कुणी मानत नाही.

एक दुरुस्तीपण. मी पूर्ण एपिसोडभर ‘हरीण हरीण’ म्हणतोय. शास्त्रात काळवीट आणि रोही ही हरणं नाहीत, ती कुरंग. त्यांची शिंगं आयुष्यभर राहतात. चितळ, सांबर ही खरी हरणं, त्यांची शिंगं गळून नवीन येतात. पण आमच्या माय-आण्णांसाठी सगळी हरणंच, म्हणून मीही तेच म्हणालो.

शेवटी

त्या तुकड्यात आता मारवेल आहे. हरणांसाठी नाही, आमच्या दोन गायींसाठी. कापून आणतो. दोन पावसाळे मी तिथलं गाजर गवत उपटलं. आमच्या बाजूचं आणि बांधापलीकडचं, काकांच्या बाजूचंसुद्धा. पहिल्या वर्षी ते लांबून बघायचे. दुसऱ्या वर्षी एक दिवस त्यांनी पाण्याची कळशी बांधावर आणून ठेवली आणि काही न बोलता निघून गेले. यंदा हळद शिजवायच्या वेळी हाक मारली, “ये रे, पाहुणा कुठं लपलाय तुझा?”

सोयाबीनच्या गायरानाकडच्या ओळी यंदाही थोड्या खाल्ल्या गेल्यात. आण्णा म्हणतात, “खाऊ दे, एवढं चालतंय.” मी मात्र रोज सकाळी ओळी मोजतो.

तुमच्या शिवारात कोणतं तण सगळ्यात जास्त त्रास देतंय, ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. त्याला तुमच्याकडं काय म्हणतात तेपण सांगा, कारण दर वीस कोसांवर नाव बदलतं. पुढच्या भागात त्यावरच बोलू. आणि हो, ऑगस्ट संपायच्या आत बांधावरचं काँग्रेस उपटा. फूल दिसलं की उशीर झाला.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. राम राम!